मे महिन्याचा रकाना

“जिऑलॉजी घेणार असशील तर मे महिना विसरून जा,” असं डॉक्टर गोह यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि मी हसून मान हलवली होती. त्या माझ्या सल्लागार. युनिव्हर्सिटीत प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक प्राध्यापक असा नेमून देतात. हे सांगताना त्या बिस्किटांचा डबा पुढे करत होत्या, त्यामुळे दोन्ही गोष्टी मला सारख्याच सौजन्याच्या वाटल्या. बिस्कीट घेतलं, वाक्य तिथेच राहिलं. ऑगस्ट चालू होता, आणि ऑगस्टात मे कोणाला दिसतो? शिवाय त्या दिवशी माझं लक्ष सारखं माझ्या चपलांकडे जात होतं. बाहेर बाकावर बसलेली सगळी मुलं एकोणीस-वीस वर्षांची, पायांत कॅनव्हासचे बूट. मी सत्तावीस वर्षांची, नागपूरची बी.कॉम., एका तीन वर्षांच्या मुलीची आई, पायांत आईने इतवारीतून घेऊन दिलेल्या चामड्याच्या चपला, आणि पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला नाव घातलेलं. एका मुलीने उठून मला जागा दिली होती: “आंटी, सिट, सिट.” मी बसलेही होते.

आता ते वाक्य मला सापडलंय. आमच्या घराजवळ, पासिर रिसला, मेट्रोची गाडी सुरू होते, तिथेच खिडकीजवळची जागा मिळाली आणि बसल्याबरोबर ते आलं. हा सगळा देशच एक बेट, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडायचं, मग पुढे बस; एवढा वेळ माझ्याकडे आहे. पाच वाजेपर्यंत गोह बाईंना सांगायचंय, हो की नाही. हो म्हटलं तर परीक्षा संपली की लगेच मे महिन्यात जावा बेटावर जायचं, ज्वालामुखीच्या उतारावर तीन आठवडे. परत आल्यावर तिथून आणलेल्या दगडांवर प्रयोगशाळेत काम, ते जुलै संपेपर्यंत. त्याशिवाय भूशास्त्राची शाखा मिळत नाही. नाही म्हटलं तर डिग्री तीच, वर्गही तेच, फक्त शाखा बदलायची: पर्यावरण आणि समाज. तिथे सगळं वाचून-लिहून होतं, घर सोडावं लागत नाही. “दोन्ही चांगल्या आहेत, प्रिया,” असं गोह बाई म्हणाल्या. प्रियदर्शिनी हे नाव त्यांच्या तोंडात मावत नाही. दोन्ही चांगल्या आहेत, तर मग मी सारखी फोनवर वेळ का बघतेय? समोरच्या काचेत मी मला दिसते आणि माझ्यामागून बेडोकच्या इमारती सरकत जातात, बांबूंवर वाळत घातलेले कपडे, कोणाची तरी लाल चादर. काचेतली बाई ठरवून आल्यासारखी दिसते. तिने काय ठरवलंय ते मला कळत नाही.

सगळं त्या प्लॅनपासून सुरू झालं. शाखा निवडायची म्हणजे उरलेल्या वर्षांचा आराखडा द्यावा लागतो. कुठल्या सत्रात कुठले विषय, कुठला आधी, कुठला नंतर. खनिजं शिकल्याशिवाय खडक नाही, खडकांशिवाय रचना नाही, आणि गणित सगळ्यांच्या आधी. मी रविवारभर डायनिंग टेबलवर तक्ता पसरून बसले होते. पेन्सिलीने लिहायचं, खोडायचं. यशू, माझी मुलगी, खोडरबरचा कचरा गोळा करून त्याचे लाडू वळत होती. नरेश कॉफी घेऊन मागे उभा राहिला. तो इथेच पासिर रिसला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, अकोल्याचा, आणि गंभीर बोलायचं असलं की आधी गंमत करतो. म्हणाला, “चार वर्षांची डिग्री करून राहिली तू. आपला इथे राहायचा पास किती वर्षांचा आहे?”

“दोनचा.”

“मग सरकारला लिहू का? बाईसाहेबांचा तक्ता पाहा अन् त्या हिशोबाने आम्हाला राहू द्या?”

“लिही ना.”

“नाही, कर तू. पेन्सिलनेच करून राहिली ते बरं आहे.”

तो हसला, मीही हसले, यशूने विचारलं, “व्हाय सो फनी?” आणि नरेशने तिचा एक लाडू खाल्ल्यासारखं केलं. आमच्यासारखी माणसं इथे अशीच राहतात. पुढच्या पासच्या पलीकडचं सगळं पेन्सिलीने. पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नव्हतं. प्लॅन सुंदर झाला होता. चौकटीत चौकट बसली होती. गोह बाईंनी तो हातात घेतला, चष्मा वर केला, आणि विषयांकडे न पाहता दोन सत्रांच्या मधल्या बारीक पट्ट्यांवर पेन टेकवलं. “तुझ्या मे महिन्यात काय असतं?” मी पाहिलं. पाहिलं तर खरंच, जून भरला होता, जुलैत मी इंटर्नशिपसुद्धा लिहिली होती, डिसेंबर भरला होता, आणि प्रत्येक वर्षीचा मे कोरा होता. मी तो मुद्दाम सोडला नव्हता. हातानेच सोडला होता, देवळात शिरताना हात आपोआप चपलेकडे जातात तसा. मी म्हटलं, “मे महिन्यात मी घरी जाते. आईकडे.” “दरवर्षी?” “सगळ्याच जातात.” गोह बाईंनी मान हलवली, त्यांची आई खालच्याच मजल्यावर राहते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना महिना कळला, जाणं कळलं, ‘सगळ्याच’ कळलं नाही. मला तरी नीट कुठे सांगता आलं असतं? मरीन परेडच्या महागड्या कॉन्डोत राहणारी पुण्याची मेधा आहे, तिची तिकिटं जानेवारीतच निघतात. मला म्हणते, “नागपूरला? मे महिन्यात? अगं, तिथून माणसं पळून येतात, तू कशी जातेस!” आणि स्वतः जाते सदाशिवात, तिथे काय हिमवर्षाव होतो?

आमच्याकडे मे म्हणजे आई. म्हणजे अक्षरशः. ती मनपाच्या शाळेत शिक्षिका होती, गजभिये बाई. अकरा महिने ती दुसऱ्यांच्या पोरांची असायची. सकाळी माझी वेणी घालतानासुद्धा तोंडाने कोणाची तरी हजेरी चाललेली. मे लागला की ती घरी. इंदोऱ्याचं ते दोन खोल्यांचं घर एकदम भरून जायचं. बाहेर पत्रा तापून कडकड वाजायचा, कूलरमध्ये खस भिजायचा त्याचा वास, ओल्या मातीसारखा पण मातीहून गोड, आणि आई जमिनीवर आडवी, साडीचा पदर तोंडावर, मी तिच्या पोटावर डोकं ठेवून. तिच्या पोटात पाणी हलल्याचा आवाज यायचा. अजूनही मला झोप लागत नसली की मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करते आणि आठवतो तो कूलरचा. पहाटे गच्चीवर कुरड्या. चिकाचा गरम घास तिखट घालून ताटलीत, आई सोऱ्या फिरवतेय, मी ओल्या धोतरावर कावळ्यांची राखण करतेय. लग्न झालं, इथे आले, तरी ते मोडलं नाही. मे महिन्यात मी जाते, आई तोवर अर्ध्या कुरड्यांचं काम मुद्दाम ठेवून देते. गेल्या वर्षी यशू राखणीला होती. कावळ्याला इथल्या बोलीतल्या इंग्रजीत “गो अवे लाह!” म्हणाली तेव्हा आई इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. हसूनच टेकली होती ना? मला तेव्हा तसं वाटलं. आता मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी तिचा हात भिंतीवर आधी जातो, हसू नंतर येतं. खरं कसं झालं होतं?

लॅव्हेंडरला गाडी जमिनीखाली जाते. काचा काळ्या होतात आणि सगळ्यांचे चेहरे एकदम जवळ येतात. या बोगद्याभोवती जुन्या समुद्राचा मऊ निळा-करडा गाळ आहे हे मला गेल्या सत्रात शिकवलं. तेव्हापासून मी इथे श्वास जरा जपून घेते. हे असलं काही कळलं की मला इतका आनंद का होतो ते मी कोणाला पटवू शकलेले नाही. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी अंगणात बोअर मारली होती. शिवदास गजभिये, पोस्टात होते, शिस्तीचे. दिवसभर यंत्राजवळ खुर्ची टाकून बसले. यंत्र वर फेकत होतं ते आधी काळं, मग पिवळट, मग राखाडी पीठ, मग काळ्या दगडाचा भुगा. मी त्याच्या मुठी भरून ओळीने ढीग मांडले. आई ओरडली, “चिखलात काय पाहून राहिली, पोट्टे? चल, अंघोळ कर.” मला एवढंच कळेना की आपण इतके दिवस याच्यावर झोपत होतो आणि कोणी सांगितलं कसं नाही. पुढे मी अकरावीत असताना बाबा गेले. सायन्स सुटलं, कॉमर्स आलं, ते बरोबरच होतं, आईने रडत रडत आणि हिशोब करत ठरवलं ते. मग गेल्या सप्टेंबरात इथे धूर आला. सुमात्रात जमीन जळत होती. झाडं जळतात हे ठाऊक होतं, पण वर्गात त्यांनी दाखवलं की तिथली दलदलीची जमीनच जळते, खालच्या खाली, आठवडेच्या आठवडे, वरून विझल्यासारखी दिसत असताना. शाळा बंद झाल्या. मी खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून यशूला मांडीवर घेऊन बसायचे, फोनवर हवेचा आकडा बघायचे, तिच्या छातीला कान लावायचे. ती वैतागून म्हणायची, “मम्मा, आय ब्रीदिंग, ओके?” इतर मुलींना त्या धुराने झाडं-प्राण्यांच्या शाखेत नेलं. मला वाटत राहिलं, खाली काय चाललंय ते पाहायला हवं.

आज सकाळी आईला फोन केला. स्काइप. दोन वर्षांपूर्वी नरेशने तिला टॅब नेऊन दिला, तेव्हा ती तो हातात घेऊन घरभर फिरायची. हे पाहा लिंबाचं झाड, हे पाहा सुरेखाच्या घराचा नवा रंग, ही पाहा तुझी खोली. आता टॅब स्टुलावर असतो आणि आई दिवाणावर. मागे भिंत, भिंतीवर दिनदर्शिका. मी सांगितलं, असं असं आहे, मे महिन्यात बाहेर जावं लागेल अभ्यासासाठी, पण मी नाही म्हणून सांगणार आहे. मला वाटलं होतं ती गप्प होईल, मग नाक ओढेल, मग म्हणेल, तुझं तू पाहा. ती लगेच म्हणाली, “जा ना मग. नको येऊ औंदा.”

“नको येऊ?”

“काय करते येऊन? उन्हाची. पोरीला घामोळ्या होतात.”

“आई, कुरड्या?”

“झाल्या.”

“एकटीने?”

“मले काय हात नाहीत काय?”

“मग दोन दिवस येऊन जाते मध्येच, आत्ता. शनिवारी.”

तेव्हा तिचा आवाज चढला. “दोन दिवस पाव्हणीसारखी येणार असशील तर येऊच नको. परीक्षा आहे ना तुही? बस, अभ्यास कर. मी बरी आहे.” आणि मग, बाबांच्यानंतर तिने कधी काढलं नव्हतं ते काढलं: “तेव्हा तुले मी शिकू देलं नाही ते. आता शिक.” फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहिले. यशूचा डबा भरला, त्यात चमचा घालायचा विसरले, पुन्हा उघडला. आईने मला इतक्या सहज सोडलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला होता. पाच वर्षांच्या मुलीसारखा राग, की ही मला थांबवत का नाही? आणि त्या रागाखाली काहीतरी होतं ते बस स्टॉपवर येईपर्यंत कळलं नाही. तिच्या मागची दिनदर्शिका. फेब्रुवारी. एप्रिल लागून गेला आणि आईच्या भिंतीवर फेब्रुवारी आहे. जिने आयुष्यभर पहिल्या तारखेला फळ्यावर स्वतःच्या हाताने महिना लिहिला. आणि कूलरचा आवाज नव्हता. आणि बोलता बोलता ती एकदाही उठली नाही. आधीही उठत नव्हती का? कधीपासून? मी किती वेळा बोलले असेन, आठवड्यातून चारदा, पाचदा, इतकी बघत असते मी सगळीकडे, गॅस, कुलूप, हवेचा आकडा, मुलीचा श्वास, आणि आई स्टुलावरच्या चौकटीत बसवून दिली की मी निश्चिंत.

पृथ्वीच्या पोटात कोणी गेलेलं नाही. गाभ्याचा बाहेरचा थर पातळ, द्रव आहे हे कसं कळलं, तर भूकंपाच्या एका जातीच्या लाटा पलीकडे पोचल्याच नाहीत. आल्या त्यांच्यावरून थोडं कळलं; ज्या आल्या नाहीत त्यांच्यावरून जास्त. हे शिकताना मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पण वहीतल्या लाटा खोटं बोलत नाहीत आणि त्यांना अभिमान नसतो. आईची एखादी गोष्ट पोचली नाही तर तिचे तीन अर्थ होतात. ती खरंच बरी आहे आणि दिनदर्शिका बदलायला विसरली. ती बरी नाही आणि मला कळू नये म्हणून झटतेय. किंवा ती मला देतेय, जे बाबा गेल्यावर काढून घ्यावं लागलं ते, आणि देताना तिला किती जड जातंय ते मी पाहू नये, एवढंच तिला हवंय. तिसरं असेल आणि मी धावत गेले, तर तिचं देणं मी मोडलं. दुसरं असेल आणि मी गेले नाही, तर? शेजारच्या सुरेखामावशी दिवाळीनंतर मुलाकडे गेल्या, नाहीतर त्यांना विचारलं असतं. घराजवळच्या बुद्धविहारातल्या निशिकांतला मागच्या महिन्यात, उगाच, सहज म्हणून आईकडे पाठवलं होतं. त्याने कळवलं, “बाई एकदम मस्त. दारातच बोलल्या.” दारातच. साखळी काढली होती का, हे मी त्याला विचारलं नाही, वेडं दिसलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी आई: “माह्यावर माणसं सोडते काय गं तू? मी काय चोर आहे?”

रेडहिलला गाडी पुन्हा उजेडात आली. क्वीन्सटाउनच्या जुन्या इमारती, गॅलरीत एक म्हातारी चिनी बाई कुंड्यांना पाणी घालत होती, एका हाताने कठडा धरून. ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून पाहिलं. वाटलं, हिची मुलगी कुठे असेल? कदाचित आतच असेल, भाजी चिरत. पुढचं सगळं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. बसमध्ये थंडी, जिन्यावर कोणाचं तरी परफ्यूम, गोह बाईंचं दार. मी ‘नाही’ ठरवून गेले होते. ते वाक्य इंग्रजीत जुळवलंही होतं, घरची कारणं, आईची तब्येत. पण आईची तब्येत काय? आई बरी आहे म्हणते. जे मला माहीत नाही ते कारण म्हणून कसं द्यायचं? गोह बाईंनी विचारलं, “वेल, प्रिया?” आणि मी माझा आवाज ऐकला, “मी येते.” त्या खूश झाल्या. पेन काढून त्यांनी स्वतःच तो रकाना भरला, शाईने. मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. नरेशला सांगितलं तेव्हा तो यशूच्या बुटांची नाडी बांधत होता, म्हणाला, “जा. यशूचं मी पाहून घेतो. आईंचं पण काहीतरी करू.” काहीतरी म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तो इथे यशूला सोडून जाऊ शकत नाही, त्याच्या पासचं काम चालू आहे, त्याचे आईवडील अकोल्याला स्वतःच डॉक्टरांकडे फेऱ्या मारतायत. यशूने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, “मम्मा गो व्होल्केनो, कॅन. बट डोन्ट टच, हां.”

आता मी जावामध्ये आहे, एका गावच्या शाळेच्या ओसरीवर. उद्यापासून आम्ही वर राहणार, तिथे फोन लागत नाही. आज दुपारी मी राखेच्या थरांची पहिली भिंत पाहिली, काळा, पिवळट, राखाडी, आणि नवव्या वर्षी मांडले होते तसेच मुठी भरून ओळीने ढीग मांडले. तो आनंद खोटा नव्हता, हेही मला लिहून ठेवायचंय. मग आईला फोन लावला. तिने उचलला. “मी बरी आहे,” म्हणाली. म्हणून हे मराठीत लिहितेय. इथल्या कोणाला सांगून उपयोग नाही, पण वाचणाऱ्यांत कोणीतरी नागपूरचं असेल. इंदोरा चौकातून विहाराकडे वळलात की डाव्या हाताला लिंबाचं झाड आहे, त्याच्यामागचं घर. बेबी गजभिये. मी पाठवलं असं सांगू नका, ती दारातूनच परत पाठवेल. सांगा, बाई, मी तुमच्या वर्गात होतो, तुमच्या वर्गात होते. इतकी पोरं शिकवलीत तिने, तिला खरं-खोटं कळणार नाही, आणि विद्यार्थ्याला ती दारात उभं ठेवत नाही. ती म्हणेल, आत ये, बस, पाणी देते. तुम्ही नको म्हणू नका, मी घेतो असंही म्हणू नका. बसून राहा. तिला उठू द्या, आणि ती कशी उठते ते पाहा.